घातली! दिसली!

आमच्या गॅरेजात तुपाचा एक जुना डबा होता. गाडीतनं काढलेला झिजका नट, वाकडा बोल्ट, तुटकी स्प्रिंग, सगळं त्यात. कुठल्या गाडीचं काय, कोण लक्षात ठेवतो! पण टाकवत नाही. किश्श्यांचंही तसंच. गॅरेज बंद होऊन जमाना झाला, तरी चार जुने दोस्त बसले की मी डबा पालथा करतो, आणि हाताला पहिल्यांदा अप्पा मिस्त्रीच लागतात.

सोलापूरला भवानी पेठेत अप्पांचं गॅरेज. मालक तेच, उस्ताद तेच, आणि हाताखाली मी एकटा. मोठा दुष्काळ नुकता सरला होता, तेव्हाची गोष्ट. अप्पांचं नाव होतं ते टायरॉड एंडच्या कामासाठी. एंड म्हणजे स्टेअरिंगचा दांडा आणि चाक यांना जोडणारा गोळ्याचा सांधा. तो झिजला की गाडी रस्त्यावर नाचते. आणि निसटला तर स्टेअरिंग तुमच्या हातात आणि चाकं भलतीकडे! मग देवाचं नाव घ्यायचं.

*

मी आधी मागावर होतो. चादरी विणायचो. पहिल्याच आठवड्यात अप्पा गाडीखालनं ओरडले, "सिद्रामा, चाक एक सूत आत पायजे!"

मी धावत शेजारच्या कारखान्यात गेलो आणि घेऊन आलो. म्हटलं, "अप्पा, एक सूत कशाला, ही घ्या सुताची अख्खी कांडी!"

गॅरेजात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला कोण सांगणार! गिऱ्हाइकं पोट धरून हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी कांडी घेतली, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सूत ताणलं आणि एक डोळा मिटून बघितलं.

"झ्याक," म्हणाले. "ह्या सुतानं ते सूत कळतंय की."

तेव्हापासून आमच्याकडे चाकं मागाच्या सुतानं सरळ व्हायची. आणि अप्पांची नजर काय सांगू! पट्टी लावायच्या आधीच म्हणायचे, "अर्धं सूत भाईर हाय." पट्टी लावली की तेवढंच निघायचं.

*

जुना एंड दांड्यातनं काढताना फेरे मोजायचे. जितक्या फेऱ्यांत तो सुटला, तितक्याच फेऱ्यांत नवा बसवायचा. मोजताना बोलायचं नाही, असा अप्पांचा दंडक.

एकदा एका डॉक्टरांची गाडी आली. डॉक्टर कुटुंब नियोजनाच्या शिबिरांना गावोगाव हिंडणारे, माणूस बोलघेवडा. मी खाली मोजतोय, चौदा, पंधरा... आणि वरनं डॉक्टर विचारतात, "काय रे सिद्राम, मुलं किती तुला?"

"सोळा!"

वरनं हळूच आवाज आला, "सोळा? अरे बाबा, एकाच बायकोची?"

तेवढ्यात अप्पा गंभीरपणे म्हणाले, "दम धरा डॉक्टरसाहेब, अजून अर्धा बाकी हाय."

माझं तेव्हा लग्नसुद्धा व्हायचं होतं!

*

आता जरा हसू बाजूला ठेवा. ही गोष्ट अप्पांनी मला एकदाच सांगितली, आणि मी पुन्हा विचारली नाही.

एंडचा नट आवळला की त्याच्या खाचेतनं एक बारीक पिन आरपार घालायची आणि तिचे दोन पाय पक्कडीनं वळवायचे. पिन केवढी? आगपेटीतल्या काडीएवढी. ती नसली तर नट आज सुटत नाही, उद्या सुटत नाही. पंधरा दिवसांनी सुटतो.

अप्पांचा धाकटा भाऊ दुष्काळात सांगोल्याकडे जीप चालवायचा, पाण्याच्या कामावर. एंड अप्पांनीच बदलला होता. भाऊ घाई करत होता, पुढं माणसं खोळंबली होती. पंधरा दिवसांनी मोहोळच्या अलीकडं वळणावर जीप वळली नाही. सरळ गेली.

"दहाव्यानंतर धुवायला माजा सदरा काढला," अप्पा म्हणाले, "खिशात पिन हुती."



*

त्यातनंच आमचा नियम आला. पिन मी घालायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "घातली!" मग अप्पांनी खाली वाकून स्वतः बघायचं आणि म्हणायचं, "दिसली!" हे दोन शब्द झाल्याशिवाय गाडी हलायची नाही, मालक कितीही मोठा असो. गिऱ्हाइकं चेष्टा करायची. करू देत!

सवय अशी मुरली की माझ्या लग्नात गंमत झाली. अंतरपाट दूर झाला, मी बायकोच्या गळ्यात माळ घातली आणि तोंडातनं निघून गेलं, "घातली!"

मांडवाच्या पार मागनं खणखणीत आवाज आला, "दिसली!"

भटजी थांबले. सासरे माझ्याकडे बघत राहिले. बायको आजही म्हणते, मी त्या दिवशी एका मिस्त्रीनं पास केलेली बाई आहे.

*

पुढं अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पिकल्याशिवाय काढता यायचा नाही, थांबा. अप्पा थांबले, पण काम थांबलं नाही.

एक दिवस सूत ताणायला मी कांडी उचलणार, त्याआधीच अप्पा एक डोळा मिटून म्हणाले, "हां, सरळ हाय." सूत अजून लावलंच नव्हतं! उस्तादाला काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडानं? माझी हिंमत झाली नाही, हे खरं. आज त्याची लाज वाटते.

*

नरसय्या म्हणून एक कारखानदार होते, तीच कांडी देणारे शेजारी. लेकीला आणि तान्ह्या नातवाला अक्कलकोटला पोचवायचं होतं. दोन्ही एंड नवे टाकले. लेक पोराला घेऊन मागं बसलेली, नरसय्या स्टेअरिंगवर.

"घातली!" मी म्हणालो.

अप्पा वाकले. जरा वेळ गेला.

"दिसली!"

गाडी सुरू झाली. मी घाम पुसायला खिशातनं रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर काहीतरी टिण्णकन फरशीवर पडलं. पिन! डाव्या चाकाची.

"थांबा!" मी एवढ्यांदा किंचाळलो की मागं पोर रडायला लागलं.

मी आडवा झालो. पिन घातली, पक्कडीनं पाय वळवले, कर्र, कर्र. बाहेर आलो तर अप्पा चाकाशी उकिडवे बसलेले, फरशीकडं बघत.

"मगाशी हा आवाज आला न्हवता," म्हणाले. "तरी मी दिसली म्हनलो."

"अप्पा, चूक माझी..."

"तुजी एक. माजी दुसरी." त्यांनी माझ्या हातातनं पक्कड घेतली. "उद्यापासनं मी घालतो. तू बघायचं."

नरसय्यांची गाडी गेली. अप्पा ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. तशी ती त्यांना दोन पावलांवरच दिसेनाशी झाली असेल.

*

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आली. उस्ताद खाली आडवे झाले, मी चाकापाशी वाकलो. त्यांनी बोटांनी चाचपत नटाची खाच शोधली, भोक शोधलं, पिन सारली. कर्र, कर्र.

"घातली!"

मी बघितलं. पिन होती, दोन्ही पाय नेटके वळवलेले. आयुष्यात एवढी चोख पिन मी घातली नव्हती. मी सदऱ्याची बाही डोळ्यांना लावली, परत बघितलं, परत बाही लावली.

गाडीखालनं अप्पांचा आवाज आला, "का रं सिद्रामा, तुला बी दिसंना व्हय?"