चाचा वहीत नाहीत

मंडळी, आज नाशिकला गोदावरीवरच्या जुन्या लोखंडी पुलावर एका बाईंनी मला ओळखलं. ऐंशीच्या दशकात पुलाचे रिव्हेट, म्हणजे जोडाचे लोखंडी खिळे, हातोडीने ठोकून, नुसत्या आवाजावरून ढिला कोणता ते सांगणाऱ्या चाचांची ती मुलगी.

तेव्हा मी संस्कृतचा विद्यार्थी. पुलाचा इतिहास लिहायला वही घेऊन जायचो. चाचा चिडवायचे, "पंडितजी, फक्त उद्घाटनाच्या साहेबांचंच लिहिता. आमचं पण लिहा की."

"पुढच्या खेपेला," मी म्हणायचो.

आज बाई म्हणाल्या, "अब्बा शेवटपर्यंत सांगायचे, पंडितजींच्या वहीत माझं नाव आहे. दाखवाल?"

"शोधतो," म्हणालो.

आता घरी वही समोरच आहे. साहेबांवर श्लोकही रचलाय, वृत्त दोनदा मोडलेलं. चाचांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

तुम्हीच सांगा, बाईंना काय दाखवू?