साठ चुकांची नोकरी

चुका कोण करत नाही? पण संशोधन केंद्रातल्या त्या टायपिस्टने चुकण्यात जे सातत्य दाखवलं, त्याला तोड नव्हती. एकदा त्याने दोन पत्रं चुकीच्या पाकिटांत घातली. बढती मिळालेल्या अधिकाऱ्याला 'या कठीण प्रसंगी आम्ही आपल्यासोबत आहोत' असं पत्र गेलं आणि नुकताच नवरा गेलेल्या बाईंना 'आपल्या कष्टांचं अखेर चीज झालं' असं. बाईंनी म्हणे ते जपून ठेवलंय. त्याच्या टेबलावरून गेलेला प्रत्येक कागद दुरुस्तीला परत येई, म्हणून सगळे त्याला दुरुस्तीकाका म्हणत. माणूस गरीब गाय. बोलणी खायची, मान डोलवायची आणि पुढच्या कागदात नवी चूक करायची.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना नोटीस आली: आणखी एक चूक झाली की घरी. आठवड्याभरात ती एक झालीच. डायरेक्टरबाईंनी काकांना बोलावलं.

"बसा. एका पानात साधारण किती चुका होतात तुमच्या?"

"मुद्दाम नाही करत, बाई."

"तेच तर हवंय मला!" बाईंनी टेबलावर थाप मारली.

केंद्रात गुप्त निरोपांची कुलपं बनत. निरोप शून्य आणि एकच्या लांबलचक ओळींत लिहायचा आणि त्यात मुद्दाम साठ चुका पेरायच्या, शून्याच्या जागी एक, एकच्या जागी शून्य. ज्याच्याकडे किल्ली, त्याचं यंत्र त्या चुका तांदळातल्या खड्यांसारख्या वेचून काढतं. बाकीच्यांनी डोकं आपटलं तरी निरोप हाती लागत नाही. चुका साठाहून जास्त झाल्या तर आपल्याच किल्लीने कुलूप उघडत नाही, कमी झाल्या तर शत्रूचं काम सोपं होतं. आणि चूक कुठे पडेल याचा कोणालाही अंदाज येता कामा नये. चुका पेरणारं यंत्र चौदा महिने खरेदी विभागात सहीसाठी अडकलं होतं. तोवर यंत्राच्या जागी दुरुस्तीकाका. काम एवढंच, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एक भलं मोठं पान बघून टाइप करायचं आणि नेहमीसारखं चुकायचं.

काकांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवून निवृत्त झालेली. "म्हणजे तीस वर्षं मी तुम्हाला सुधारायला बघत होते, ते देशद्रोह करत होते की काय?" ती म्हणाली आणि ठसका लागेपर्यंत हसली.

पहिल्या दिवशी मात्र घात झाला. जबाबदारी अंगावर पडल्याने काका इतके जपून बसले की अख्ख्या पानात एकही चूक नाही.

"एकसुद्धा नाही?" बाई कडाडल्या. "सरकारी काम आहे हे! इतका निष्काळजीपणा?"

लगेच परिपत्रक निघालं: कामात अचूकता आढळल्यास कारवाई होईल. काका हबकले, आणि हबकल्यावर जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी एकसष्ट, तिसऱ्या दिवशी साठ. मग हात बसला. साठ म्हणजे साठ! दारावर 'त्रुटी अधिकारी' अशी पाटी लागली. नोटीस फाइलमध्ये झोपली. काका पहिल्यांदाच ताठ मानेने जेवणाच्या सुट्टीला जाऊ लागले. तरुण संशोधक अदबीने विचारायचे, "काका, कसं जमतं हो?" आणि काका म्हणायचे, "अनुभव."

पाच महिन्यांनी बाहेरून एक तपासनीस मुलगी आली. कुलूप किल्लीशिवाय उघडून बघणं हा तिचा धंदा. उघडलं नाही तर काकांचं पद निवृत्तीपर्यंत पक्कं. उघडलं तर पद रद्द आणि नोटीस जागी. काकांची सगळी पानं घेऊन ती तीन आठवडे एका खोलीत बसली.

चौथ्या मंगळवारी अडीच वाजता तिने सगळ्यांना बोलावलं.

"उघडलं," ती म्हणाली. "गणित चोख आहे. चुकाच फितूर आहेत. जिथे चूक नाही अशा पुरेशा जागा कळल्या की बाकीचा निरोप सोडवता येतो. इतर दिवशी चुका पानभर विखुरलेल्या असतात, तिथे माझं काही चाललं नाही. पण मंगळवार आणि शुक्रवारची पानं बघा. वरचा मोठा भाग स्वच्छ. साठच्या साठ चुका शेवटच्या ओळींत, म्हणजे दुपारी तीननंतर." ती काकांकडे वळली. "काका, त्या दिवशी तीन वाजता काय असतं?"



"बायकोचं डायलिसिस," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"आणि ती एकटी जाते?" बाईंनी विचारलं.

"मी आलेलं तिला चालत नाही. म्हणते, तिथे येऊन भलतीच नळी ओढाल."

कोणी हसलं नाही. काकांना मात्र स्वतःचीच लाज वाटली, घरातलं दुखणं असं पानोपानी लिहून आपण सगळ्यांच्या हातात दिलं म्हणून.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी काकांना बाजूला घेतलं. "अजून अहवाल गेलेला नाही. एक महिना देते. त्या दोन दिवशी तीननंतर तिचा विचार करायचा नाही. सकाळपासून थोडं थोडं चुकत राहायचं. तेवढं जमवलंत की पद राहील. जमेल ना?"

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन वाजले होते.

"नाही जमणार, बाई," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी साहेबाला दिलेला हा पहिला नकार. त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलला आणि निघाले.

दवाखान्यातल्या त्या खोलीत ते पोचले तेव्हा बायकोच्या हाताला नळ्या लावून झाल्या होत्या. पलंगाशेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी होती.

"अहो, तुम्ही? या वेळी?" तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "गेली नोकरी?"

"गेली."

"नळ्यांना हात लावू नका," ती म्हणाली. "पिशवी खाली ठेवा आणि बसा. नर्स दर वेळी भांडते माझ्याशी, ही खुर्ची कोणासाठी अडवून ठेवता म्हणून."