फळ्यावरचं नाव

नव्वदीच्या दशकात जयनगरात खऱ्या थाई बोट नूडल्स एकाच छोट्या हॉटेलात मिळायच्या. तिथला आचारी बेळगावकडचा, बरीच वर्षं बँकॉकमध्ये राबून आलेला. मान वर न करताच तो माझ्याशी मराठीत बोलायचा. "स्वल्प थांबा अक्का, रस्सा अजून मुरला नाही." दालचिनी आणि चक्रफुलाचा तो काळपट रस्सा नेहमी लहानशा वाडग्यातच द्यायचा. "तिकडं होडीतून हात लांबवून देतात. मोठं वाडगं सांडतंय."

एका दुपारी मालक गिऱ्हाइकांदेखत त्याच्यावर ओरडला, "हे काळं पाणी कुणाला नकोय. मोठ्या प्लेटीत टोमॅटो सॉस घालून दे."

माझं डोकं फिरलं. "तुम्ही कधी खाल्ल्यात तिकडच्या?" मी मालकाला विचारलं. तो नुसता हसला.

आचारी ओलं फडकं घेऊन दाराशी गेला आणि फळ्यावरचं 'बोट नूडल्स' त्याने स्वच्छ पुसून टाकलं.

"सॉस घालून देतो," तो मालकाला म्हणाला, "पण त्याला हे नाव नाही."

मग आत जाऊन त्याने खरंच सॉसची बाटली उघडली. मालकाचा राग मला आलाच होता. त्या क्षणी आचाऱ्याचाही आला, आणि तो अजून गेलेला नाही.