गोट्याच्या रानातले बापू

दुपारची माझी झोप म्हणजे अर्धी जागच असते. त्या दिवशीही अशीच कलंडले होते आणि लांबून खडखड, खडखड ऐकू येत होतं... लोखंडावर दगड घासला की येतो तसा आवाज. वाटलं, बापू रानात यंत्र फिरवून राह्यलेत, भाकरी न्यायला उशीर झाला, आता बोलणी बसणार. धडपडत उठले तर कसलं रान नि कसलं काय! जालन्यातलं आमचं घर, वर पंखा फिरतोय आणि टेबलावर फोन वाजतोय. नातीनं उचलला, नुसतं "हो, हो" म्हणाली आणि माझ्याकडं न बघता ठेवून दिला. "आजी, गावाकडचे बापूआबा गेले." मी म्हटलं, "चल, काहीतरीच काय! आत्ता तर..." आणि पुढचं तोंडातच राहिलं. आत्ता तर काय, हे तिला कसं सांगणार? बापू म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. नात म्हणते, तू दिवसभर त्यांचंच बोलत बसतीस तर नीट बोल, मी लिहून घेते. म्हणून हे. मला कुठलं लिहिता यायला? निजामाच्या राज्यात आमच्या गावची शाळा उर्दू, तीही पोरांची. पोरींना कोण पुसतं?

मी लग्न होऊन घनसावंगीकडच्या त्या गावात आले तेव्हा बापू नि मी जवळपास एका वयाचे. आमचे मालक जालन्याला जिनिंगमध्ये कामाला, सणावाराला घरी. म्हणजे रान बघायचं ते बापूंनी, आणि त्यांना भाकरी न्यायची ती मी. रान कसलं, गोट्यांचं आगरच ते. माती काळी, चांगली, पण मुठीएवढ्यापासून पाट्याएवढ्यापर्यंत दगड नुसते पसरलेले. वखर घातलं की त्याची लोखंडी पास तुटलीच म्हणून समजा. देवानं जगभर दगड वाटले आणि उरलेली झोळी आमच्या बांधावर उपडी केली, असं सासूबाई म्हणायच्या. बापूंना त्याचं काही वाटायचं नाही. आभाळाकडं बघत शीळ घालत हिंडायचे. जेवायला बसले तरी मन भलतीकडंच. मी म्हणायची, "भावजी, भाकरी पान्यात बुडवून खाऊन राह्यलात, कालवण हिकडं हाय!" आणि ते खरंच खाली बघून हसायचे.

एकदा कुंभार पिंपळगावच्या बाजारात मी नि बापू गेल्तो. तिथं एक पोरगी मिरचीवाल्याशी भांडत होती. मापात दांडी मारली म्हणून तिनं त्याचा तराजूच हातात धरून ठेवलेला! बापू जे थांबले ते थांबलेच. मी म्हटलं, "भावजी, डोळे हितंच ठेवून येता का घरी?" घरी आल्यावर दोन दिवस शीळ बंद. मग मीच सासूबाईंच्या कानावर घातलं, जातगोत जुळत होतं, निरोप गेला. पोरीचं नाव गिरजा. तिचे वडील रान बघायला आले. पायातल्या जोड्यानं एक गोटा उलथला, दुसरा उलथला, आणि म्हणाले, "पोरगा बिलकुल चांगला हाय. पर माझी लेक काय जलमभर गोटे येचू? हितं जवारी उभी करून दाखवा, मंग बोलू." चहासुद्धा अर्धाच घेतला. बापू त्यांना पोचवायला गेले ते दिवस मावळेपर्यंत बांधावरच बसून राहिले. मला मनातून फार वाईट वाटलं.

हातानं येचायचं म्हटलं तर ते रान साफ व्हायला हयात गेली असती. तेव्हा बापूंना ते यंत्र आठवलं. पलीकडच्या गावच्या जागीरदारांनी कधीकाळी विलायतेतून सुगीची यंत्रं मागवली होती. जालन्याच्या ठेसनावर ती उतरली तेव्हा लोक गाड्या जुंपून बघायला गेल्ते म्हणे. त्यातलं एक होतं कापलेलं गवत-काड गोळा करायचं. दोन उंच लोखंडी चाकं, मधी भोकाभोकाची बैठक, मागं बरगड्यांसारखे वाकडे लांब दात. दातांनी काड ओढत न्यायचं, दांडा ओढला की दात वर उचलायचे आणि ढीग खाली राहायचा. पण ते घोड्यांच्या चालीचं. आमचे बैल त्यांच्याच मर्जीनं चालणार, आणि आमची जवारी अंगठ्याएवढ्या ताटाची, हातानं काढून पेंढ्या बांधायची. तिला असलं यंत्र कशाला? एका सुगीत जागीरदारांची हौस फिटली आणि यंत्र गोठ्यामागं पडलं. बापू मागायला गेले तर ते पोट धरून हसले. "अरे मियाँ, इससे घास नहीं उठी, पत्थर क्या उठते? लेके जाव, मेरी बला टली!"

बापू नि गावचा लोहार दोघं आठवडाभर भांडत होते, पण भांडता भांडता काम झालं. एक सोडून एक दात काढला, उरलेले कापून आखूड केले, गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तापवून त्यांच्या पाठीला पट्ट्या ठोकल्या, घोड्याच्या दांडीच्या जागी बैलांचं जू बसवलं. उन्हाळा लागला. आधी वखरानं माती हलवायची, मग मागून यंत्र. पहिल्याच दिवशी एक दात मोडला, बापूंनी बैलांना सोडून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. पण पुढं जमलं. मातीत दात शिरायचे, दगड खडखडत गोळा व्हायचे, बांधाशी आलं की बापू दांडा ओढायचे आणि ढीग पडायचा. मी भाकरी घेऊन जायची तेव्हा सगळं रान उन्हानं हलत असायचं, मधी धुळीचा एक ढग, त्या ढगात बैठकीवर बसलेले बापू, मुंडाशाचा शेव उडतोय... खाली चाकं आहेत का नाहीत कळायचं नाही, वाटायचं माणूस अधांतरी चाललाय. अजून डोळे मिटले की तसेच दिसतात. जवळ गेलं की मात्र घामानं भिजलेले, तोंडभर माती, आणि पहिलं बोलणं, "वैनी, कांदा आनला का?"

दोन उन्हाळे असे गेले. रान तळहातासारखं झालं. बापूंना इतका गर्व की कुणी जोडे घालून आत आलं तर हाकलायचे. लहानसहान खडासुद्धा हातानं उचलून बांधावर टाकायचे. सासूबाई एकदा आल्या, बघितलं, म्हणाल्या, "मोठे काढले ते बराबर केलं रे. बारके असू द्यायचे. दगड रानाचं पांघरून असतंय." आम्ही दोघं हसलो. म्हातारीला केस विंचरले तरी थंडी वाजायची, तिचं काय ऐकायचं! दसऱ्याच्या सुमाराला जवारी पेरली. काय उगवली म्हणून सांगू... ओळीन् ओळ सरळ, कुठं खंड नाही. बापूंनी पिंपळगावच्या बाजारात कुणाकरवी तरी निरोपही पोचवला, रान बघायला या म्हणून.

आणि मग वारं सुटलं. पाऊस संपलेला, ऊन कोरडं. आमच्या रानाला भेगा पडायला लागल्या, आधी बोटाएवढ्या, मग हात जाईल एवढ्या. गुडघ्याएवढी जवारी दुपारी मान टाकायची, सकाळी थोडी उठायची, मग उठायचीच बंद झाली. शेजाऱ्याच्या रानात आमच्याकडं आधी होते तसेच गोटे, त्यानं कधी एक दगड हलवला नव्हता, त्याची जवारी हिरवीगार. बापू म्हणाले, नजर लागली. मी लिंबू-मिरची बांधली. एक दिवस भाकरी घेऊन गेले, शेजाऱ्याच्या बांधाला आम्ही जेवायला बसलो. कांदा फोडायला मी त्याच्या रानातला एक चपटा दगड उचलला. खाली माती ओली! काळी, गार, एक गोगलगाय सुद्धा बसलेली. बापूंनी दुसरा उचलला. तिथंही ओल. तिसरा... तसेच गुडघ्यावर बसून राहिले, हात त्या ओलीवर. म्हणाले, "वैनी, माय बराबर बोलल्ती." भाकरी तशीच राहिली. मला रडूच आलं, मी पदरात तोंड घालून रडले. ते रडले नाहीत, पण मला आजवर त्यांचा तो चेहरा विसरता आला नाही.

ती जवारी वाळून गेली, वैरणीलासुद्धा धड आली नाही. त्यातच कळलं की गिरजाला जाफराबादकडचं स्थळ आलंय. गिरजा बाजारात मला गाठून म्हणाली, "आक्का, मी आबाला न्हाई म्हनते रोज. पर रोज किती दिस म्हनू?" एवढं बोलून ती चालायला लागली. मी घरी येऊन बापूंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर बापूंनी यंत्र काढलेलं. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. बांधावरचे ढीग होते ना, त्यातले पाट्याएवढे तिथंच ठेवून मुठीएवढे गाडीत भरायचे, रानात नेऊन ओतायचे, आणि वरून यंत्र. दांडा अर्धाच उचलून धरायचा, म्हणजे दातांतून दगड थोडे थोडे सुटत पसरत जायचे. दोन उन्हाळे जे काढलं तेच परत टाकायचं! गावाला तर करमणूकच झाली. पारावरची माणसं कामधंदा सोडून बांधावर यायची. "का रं बापू, औंदा दगडाची पेरनी का? पेराया पाभर लावायची व्हती की!" "गोटे उगवले म्हंजी दोन आमालाबी दे!" बापू मुंडाशाचा शेव तोंडावर ओढून घ्यायचे आणि बैलांना हाक मारायचे. मी मात्र एकाला चांगलं सुनावलं. म्हटलं, हसतोस काय मेल्या, तुझ्या रानात तरी काय दिवे लागलेत?

अशात एका सकाळी गिरजाचे वडील आले. जाफराबादचं ठरवतोय, ते तोंडावर सांगावं म्हणून आले होते. माणूस सरळ. बांधावर उभे राहिले, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे काय करून राह्यलात?" बापू खाली उतरले. "चुकलं मामा. समदे काढाया नव्हते पाहिजे. परत टाकून राह्यलो." अजून कशाचा कशाला पत्ता नाही आणि यांनी मामा करून टाकलं! ते म्हणाले, "लोकं हसून राह्यलेत." बापू म्हणाले, "हसू द्या. मीच काढल्ते, मंग टाकायला दुसरं कोन येनार?" आणि परत जाऊन बैठकीवर बसले. पाव्हण्याला बसा म्हणायचं सोडून हा माणूस कामाला लागला! पण पाव्हण्यांनीही पागोटं काढून झाडाखाली ठेवलं, ढिगातला एक गोटा उचलून गाडीत टाकला, मग दुसरा. बापूही खाली उतरले आणि दोघं दिवस कलेपर्यंत दगड भरत होते. मी दोघांच्या भाकरी नेल्या, पाणी दिलं. जाताना पागोटं घालता घालता मला म्हणाले, "बाई, तुमच्या मालकाला जालन्याहून बोलवून घ्या. जाफराबादला मी न्हाई म्हनून कळवतो." मी वेड्यासारखी म्हणाले, "पर मामा, जवारी तर उभी न्हाई..." ते म्हणाले, "जवारी या साली न्हाई, तं पुढच्या साली. सोताचं चुकलेलं गावादेखत निस्तरनारा मानूस मला कुठं घावंल?"

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. पुढच्या रब्बीला जवारी गिरजाच्या डोक्यावर गेली, कणसं बघायला बापूंनी तिला त्या लोखंडी बैठकीवर उभं केलं होतं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आम्ही जालन्याला आलो, बापू-गिरजा तिथंच राहिले. भांडायचे भरपूर. गिरजा म्हणायची, "मला काय पाहिलं म्हनून आनलं का, दगडाच्या हिशेबात आले मी." बापू नुसतं हसायचे. पुढं ट्रॅक्टर आले, पोरांनी रान साफ करू म्हटलं, त्यावर मात्र ते हसले नाहीत.

बापू गेल्याचा तो फोन आल्यावर मी गावी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. चितेपाशी मडकं फोडायला जो दगड घेतात तो पोरांनी आपल्याच रानातला नेला होता. आमच्यात त्याला जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात आहे असं मानायचं आणि दहाव्याला तो नदीत सोडायचा. दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीवर गेलो. पिंड झाले, कावळा शिवला, थोरला पोरगा जीवखडा घेऊन पाण्यात उतरला. तोवर डोळ्यातनं टिपूस न काढलेली गिरजा म्हणाली, "थांब. आन तो हिकडं." पोरगा म्हणाला, "आई, पान्यातच सोडतात." गुरुजीही म्हणाले, रीत नाही बाई. ती म्हणाली, "रीत मला ठावं हाय. पर त्यांचा दगड हाय, रानातच जाईल." सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी थोरली ना. मी म्हटलं, "द्या तिला." तसाच पदरात धरून तिनं तो गाडीतून आणला, चप्पल बांधावर काढली आणि एकटीच रानात गेली. मी बांधावरून बघत होते. कुठंतरी वाकली, उभी राहिली, परत आली. ऊन असं होतं की डोळे दिपत होते. मी विचारलं, "कुठं ठिवला गं?" ती म्हणाली, "ठिवला." वळून बघितलं तर सगळीकडं गोटेच गोटे, सगळे सारखे.

परवा तिचा फोन आला होता. इकडची तिकडची बोलली, तूर बरी आहे म्हणाली. मग म्हणाली, "आक्का, रानात गेले की ठेच लागती बगा आता. डोळ्यानं धड दिसत न्हाई ना." मी म्हटलं, जपून चाल गं बाई, काठी घे. तर म्हणाली, "काठी कशाला? ठेच लागली की म्हनते, आवं, सरा की जरा तिकडं."