हिरव्या उजेडातली कोल्हीण

ग्लासगोत आम्ही पार्कला लागून असलेल्या फ्लॅटमध्ये राहायचो, त्या ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. थंडीतल्या एका संध्याकाळी आमचं जेवण उरकत होतं, तोच त्यांनी दार ठोठावलं. "नॉर्दर्न लाइट्स दिसतायत! चला लवकर!" नवरा हॉस्पिटलमधून दमून आला होता, तरी माझ्याआधी बूट चढवून जिन्यात.

पार्कातल्या टेकडीवर बरीच माणसं जमली होती. आभाळात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पट्टे हलत होते, मधूनच लालसर होत होते. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? पण खाली लोकांच्या गरम चिप्सवरच्या व्हिनेगरचा आणि सांडलेल्या बिअरचा वास भरला होता. एकजण झाडाशी उभा राहून लघवी करत करत वर बघत होता.

तेवढ्यात झुडपातून एक कोल्हीण आली. पार्कातलीच ती. शेजारीणबाई तिला रोज खिडकीतून बघायच्या, तुटक्या कानावरून ओळखायच्या. सूट घातलेल्या दोघांनी चिप्स टाकत टाकत तिला जवळ आणलं. ती मान खाली घालून खाऊ लागली, आणि एकाने हातातली बाटली तिच्या पायावर हाणली. ती किंचाळली. लोक हसले. लंगडत पळालेल्या कोल्हिणीमागे बाई टॉर्च घेऊन धावल्या, तर कोणीतरी खेकसलं, "तो टॉर्च बंद करा, वरचं नीट दिसत नाही!"

"अहो, बोला ना काहीतरी!" मी नवऱ्याला म्हणाले.

"आपल्याला काय करायचंय? वर बघ. पुन्हा दिसायचं नाही."

मला इंग्रजी सुचेना. "लाज नाही वाटत?" मी मराठीतच ओरडले. बाटलीवाल्याने माझी नक्कल केली, पुन्हा हशा पिकला. नवऱ्याने माझी बाही ओढली. त्या माणसापेक्षा मला त्या ओढण्याची जास्त शिसारी आली.

सकाळी बाई आणि मी तिथे गेलो. चिप्सचे तेलकट कागद, ओकारी, गोठलेल्या गवतावर रक्ताचे थेंब. आम्ही हातमोजे घालून काचा वेचल्या.

"तो बाटलीवाला माझा विद्यार्थी," बाई म्हणाल्या. "काल मला ओळखून 'गुड ईव्हनिंग, मिस' म्हणाला."

कोल्हीण पुन्हा दिसली नाही.

नवरा पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना हातवारे करून ते आभाळ सांगायचा. एकदा न राहवून मी सगळ्यांसमोर विचारलं, "आणि कोल्हिणीचं?"

"कुठली कोल्हीण?" तो म्हणाला.

खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हती.