मोतीराम आणि डावं पेडल

अडकलेला नट दिसला की मोतीरामला समोरचं माणूस दिसेनासं होई. याचं लग्न कधी जमायचंच नाही, हा घोर त्याच्या आईच्या, वत्सलाबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हता. पंचवटीतल्या त्याच्या गॅरेजचं नाव मोठं. कडा झिजून गोल झालेला बोल्ट आला, की तो रॉकेल सोडून वाट पाही, हातोडीने हलके टोले देई, कानशीने दोन बाजू सपाट करून पाना बसवी. पण नांदगावला मुलगी पाहायला गेला, तेव्हा पोह्यांची बशी बाजूला ठेवून झोपाळ्याचा गंजलेला नट सोडवत बसला. झोपाळ्यावर मुलीचे मामा होते.

म्हणून सत्त्याण्णव साली विंचूरला निघताना वत्सलाबाईंनी त्याचे खिसे तपासून दोन पाने काढून घेतले. तिसरा मोज्यात होता.

विंचूरला मुलीचे वडील, सावळीरामकाका, अंगणातच घामाघूम होऊन बसले होते. "स्नेहलच्या सायकलीचं पेडल बदलायचं व्हतं. कडा पार गोल झाल्या, पन हालंना."

वत्सलाबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा मोतीराम मातीत मांडी घालून कानस मागत होता. स्नेहलने ती आणून दिली आणि तिथेच उभी राहिली. त्याने कानस मारली, रॉकेल सोडलं, पान्यावर लांब नळी चढवली आणि काकांनाही जोर लावायला लावलं. पेडल ढिम्म.

"तुम्ही आवळताय," स्नेहल म्हणाली. "डावं पेडल आहे. त्याचे आटे उलटे असतात."

"मंग मला का नाय सांगितलं?" काका उसळले.

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, तू पोहे बघ."

तिने नळी धरून उलट्या दिशेला हिसडा दिला. पेडल सुटलं. मोतीरामचे कान लाल झाले.

तीन दिवस तो धड जेवला नाही. "आई, विंचूरचं नाव काढू नकोस. गिऱ्हाइकांना मीच शिकवतो हे. हसत असेल ती."

"मग तिथं कसा विसरलास?"

"ती समोर उभी होती ना!"

वत्सलाबाईंचे पिठातले हात थांबले. मुलाकडच्यांनी आठ दिवस तरी निरोप देऊ नये, असं थोरल्या जाऊबाईंनी बजावलं होतं. पण आठ दिवसांत दुसरं कुणी स्नेहलला पसंत करून गेलं तर? त्यांनी पदराला हात पुसले आणि विंचूरचा फोन नंबर काढला.