तिसऱ्या पिंपाचा आवाज

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा नाही. एका माणसाला सांगावी लागली — तो शेवटी येईल. मन हलकं व्हावं म्हणून लिहितोय असं समजू नका. ते हलकं झालेलं मला चालणारही नाही. पण आज बसलोय तर पुरतं लिहूनच उठणार आहे. मला फाटे फोडायची सवय आहे, तेवढी सांभाळून घ्या... नाही, सांभाळूनही घेऊ नका.

मी कानाचा माणूस. म्हणजे होतो. लढाईच्या काळात नौदलात होतो आणि पाणबुडी शोधायच्या यंत्रावर बसायचो. आम्ही त्याला ॲस्डिक म्हणायचो, अमेरिकन लोक सोनार म्हणतात. काम ऐकायला सोपं आहे. यंत्र पाण्यात एक शिट्टी सोडतं. वाटेत काही आडवं आलं तर तिचा आवाज परत येतो — टिंग. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, चाक कुठे वळवलंय त्यावरून दिशा. समोरची वस्तू जवळ येत असेल तर टिंग जराशी चढी, लांब जात असेल तर जराशी उतरती. तो फरक पकडायचा आणि चाक तसूतसूने फिरवत तिच्या मागे राहायचं. डोळ्यांना काही काम नाही, सगळा भरवसा कानांवर. एका माणसाला अर्ध्या तासाच्या वर बसवत नसत, कारण कान थकला की तो हवं ते ऐकायला लागतो. हे वाक्य आमच्या शिकवणाऱ्याचं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. त्याचा काय उपयोग झाला?

लढाई संपली, मी बदलापूरला घरी आलो. पन्नास-एक्कावन्नच्या सुमारास अंबरनाथला एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. जहाजांवरून उतरवलेले जुने संच तिथे दुरुस्त व्हायचे. दुरुस्त झालेला संच तपासायला आम्ही तो डोंगराखालच्या तलावावर न्यायचो. तिथे तराफ्यावर पत्र्याची खोली होती, तिला खिडकी नव्हती. बाहेर नावाडी हवाबंद लोखंडी पिंपं दोराने दगडाला बांधून पाण्याखाली तरंगत ठेवायचा, वर काही दिसायचं नाही. एखादं पिंप दोराने ओढत न्यायचा. आत आम्ही ऐकून सांगायचं — कोणत्या दिशेला, किती अंतरावर, येतंय की जातंय. पिंपं कुठे आहेत ते फक्त साहेबांना, कारकुनाला आणि नावाड्याला ठाऊक. साहेब मद्रासकडचे, सरळ माणूस, कामाला कडक.

ऐकणारे आम्ही दोघं. मी आणि टेकचंद. टेकचंद सिंधी, कराचीचा, तोही नौदलातलाच. फाळणीत घरदार तिकडे टाकून आला होता. म्हातारी आई, बायको आणि दोन मुली घेऊन निर्वासितांच्या छावणीत, कॅम्प पाचमधल्या बराकीत राहायचा. मधे गोणपाटाचा पडदा, पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब. या माणसाचा कान असा की दुरून ठोके ऐकून सांगायचा कोणत्या लोहाराचा घण आहे. आणि स्वभाव कसा? नक्की ऐकू आलं नाही तर सरळ म्हणायचा, "पक्का नहीं है, साब." मला त्याचा राग यायचा. माणसाने इतकं सरळ असू नये असं वाटायचं, कारण मी तसा राहिलो नव्हतो.

आता येतो मुद्द्यावर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला हिवताप झाला. क्विनाइनच्या गोळ्या पोटभर खाल्ल्या. ताप गेला आणि कानात एक आवाज राहिला. टिंग. अगदी तसाच, तोच स्वर, जेवताना, झोपताना, देवळात, बाजारात. विचार करा, ज्याला पाण्यातून येणारी टिंग ओळखायची त्याच्या डोक्यातच टिंग वाजतेय. मी कामाचा उरलो नव्हतो. त्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं. कोठारात, नाहीतर तारांना झाळ लावायच्या कामाला मला ठेवलंही असतं. पण "कानाचा माणूस" म्हणून गावात जो मान होता, तो सोडवेना.

तेवढ्यात मला वाट सापडली. खरं तर ती पायाने चालत घरी आली. नावाडी बाळाराम आमच्याच गावचा. साहेब आदल्या दिवशी पिंपांच्या जागा कारकुनाकडून मराठीत लिहून घेऊन त्याला चिठ्ठी द्यायचे. बाळारामला वाचता येत नव्हतं, आणि हे तो साहेबांपासून लपवून होता. चिठ्ठी कमरेला खोचून आमच्या अंगणात आला. "येवढा कागद वाचून दे ना, दादा. सायबाला नको सांगू, मना वाचता येत नाय."

मी वाचून दिला. पहिल्या वेळी खरंच काही मनात नव्हतं. दुसऱ्या वेळी होतं. त्यानंतर प्रत्येक चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मी तो कागद दोनदा वाचायचो, एकदा त्याच्यासाठी आणि एकदा माझ्यासाठी. दुसऱ्या दिवशी खोलीत बसून कपाळाला आठ्या घालायच्या, चाक फिरवायचं, डोळे मिटायचे आणि पाठ केलेलं म्हणून दाखवायचं. साहेब खूष. टेकचंदसुद्धा एकदा पाठ थोपटून म्हणाला, "क्या कान है, भाऊ!" मी हसलो. लाज वाटली का? हो, वाटली, आणि दुसऱ्या चाचणीपर्यंत विरून गेली.

त्या दिवशी चिठ्ठीत तीन पिंपं होती. पहिला अर्धा तास माझा. तिन्ही जागा सांगितल्या. तिसरं, काठावरच्या चिंचेच्या रोखाने, तीनशे यार्ड. "स्पष्ट आहे," असंही वर म्हणालो. मग टेकचंद बसला. पहिली दोन त्याने चटकन सांगितली. तिसऱ्यावर अडला. चाक चिंचेवर आणलं, मागे नेलं, परत आणलं. कपाळावर घाम. साहेबांच्या हातात नकाशा, त्यावर तिसरी फुली. शेवटी टेकचंदने कानांवरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "वहाँ कुछ नहीं है, साब."

साहेबांनी त्याला पुन्हा बसवलं. तो पुन्हा तेच म्हणाला. नोंदवहीत त्याने स्वतःच्या हाताने तसं लिहिलं.

आणि तिथे खरंच काही नव्हतं!

हे मला तासाभरात कळलं. परतीच्या वाटेवर बाळाराम माझ्याजवळ आला, तोंड उतरलेलं. तिसऱ्या पिंपाच्या सांध्याची झाळ सुटली होती. पाण्यात सोडताच ते बुडबुडे काढत भरलं आणि तळच्या चिखलात जाऊन रुतलं. पाण्याने भरलेलं, चिखलात गाडलेलं पिंप कसला आवाज परत देणार? साहेब कामावरून काढतील म्हणून तो गप्प बसला होता. "सांगू का रं सायबाला?" त्याने विचारलं. बघा, तो सांगायला तयार होता. चूक करूनही तो माझ्याहून बरा होता.

मी म्हणालो, "नको. गप्प राहा. नायतर तुझी चिठ्ठी पण निघेल."

हे माझं वाक्य आहे. कान खराब होता ते नशीब म्हणा, चिठ्ठी वाचली ती लबाडी म्हणा. पण खरं सांगायला निघालेल्या माणसाचं तोंड मी दाबलं, आणि तेही त्याचीच भीती त्याला दाखवून. बाहेर आलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, बुडालेलं पिंप तुला स्पष्ट कसं ऐकू आलं? तो प्रश्न मला चुकवायचा होता. एवढंच.

आठवड्याभरात टेकचंदला काढलं. साहेबांनी ओरडा केला नाही. कान थकलेत, असं होतं, म्हणाले. टेकचंदनेही वाद घातला नाही. त्याने वाद घातला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. तो फाटकाबाहेर माझी वाट बघत थांबला होता. माझा दंड धरला आणि विचारलं, "गजू भाऊ, सच बोल. तूने सुना था?"

रस्त्यावर कुणी नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी हो म्हणावं की नाही म्हणावं, यातलं त्याला काय हवं होतं ते मला आजही कळलेलं नाही. मी म्हणालो, "हो. साफ सुना."

त्याने मान हलवली. "फिर मेरे ही कान गए."

आणि त्याने ते खरं मानलं. नोकरी गेली हे मी समजू शकतो, नोकऱ्या जातात. पण मी त्याच्याकडून त्याचे कान घेतले. कराची गेली तेव्हाही जे त्याच्यापाशी राहिलं होतं, ते. पुढे पाच वर्षं मी त्याला येता-जाता बघत होतो. बराकीच्या ओट्यावर बसून तो पुठ्ठ्याचे खोके करायचा. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हात कानामागे न्यायचा, मापं कागदावर लिहून द्या म्हणायचा. मुलींना सांगून ठेवलेलं, बाबांशी मोठ्याने बोला. शेजारी त्याला बोडो म्हणू लागले, त्यांच्या भाषेत बहिरा. उत्तम कानाचा माणूस, आणि आख्खी बराक त्याच्या अंगावर ओरडत होती! शेवटी शेवटी मी विठ्ठलवाडीकडे जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायला लागलो. माझ्या कानातली टिंग तशीच चालू होती.

मधे आमचा कारखाना बंद पडला, साहेब गावी निघून गेले. मी दुसरीकडे कोठारात लागलो. पाच वर्षांपूर्वी जे काम मला कमीपणाचं वाटत होतं, तेच.

मग एक दिवस दुपारी एक गृहस्थ मला शोधत कोठारात आले. कॅम्पात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. टेकचंदला कामाला घ्यायचं त्यांच्या मनात होतं, कारण असा कारागीर दुसरा नाही असं त्यांनी ऐकलं होतं. पण टेकचंदच नको म्हणत होता. माझे कान गेलेत, खोटं वाटत असेल तर अंबरनाथच्या गजूभाऊंना विचारा, ते माझ्या शेजारी बसायचे — असं त्याने सांगितलं होतं. साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं त्याने. "उसको सचमुच सुनाई नहीं देता क्या?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना म्हणालो, उद्या या, आधी मला एका माणसाशी बोलायचंय. रजा न सांगता उठलो आणि चालत कॅम्प पाचला गेलो. वाटेत एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर परत फिरलो असतो, एवढं मी स्वतःला ओळखून होतो.

टेकचंद ओट्यावर माझ्याकडे पाठ करून पुठ्ठा कापत होता. मी चार पावलं मागे उभा राहिलो आणि हलक्या आवाजात बोललो. इतक्या हलक्या की ऐकू गेलं नसतं तर मी सांगितलं असं म्हणून परत जाता आलं असतं. हेही लिहून ठेवतो, उगाच शूर ठरायला नको. म्हणालो, "टेकचंद, उस दिन वहाँ कुछ नहीं था. मैंने झूठ बोला. तेरे कान अच्छे थे."

कात्री थांबली. त्याने वळून पाहिलं नाही. "ज़ोर से बोल."

मी मोठ्याने बोललो.

"और ज़ोर से."

मग मी ओरडलो. चिठ्ठी, बुडालेलं पिंप, फाटकाबाहेरचं ते "साफ सुना", सगळं ओरडून सांगितलं. बराकीतली माणसं बाहेर आली. त्याची बायको पिठाच्या हातांनी दारात आली. दोन्ही मुली तिच्यामागे, वाढलेल्या. माझं बोलून संपलं तेव्हा टेकचंद वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात अजिबात नव्हतं.

"पहली बार में सुन लिया था," तो म्हणाला. "ये लोग सुनें, इसलिए बोला."

त्याने मला बसायला सांगितलं नाही. मी निघालो.

आता तो रेडिओच्या दुकानात असतो. लांबून बिघडलेले रेडिओ त्याच्याकडे येतात, असं ऐकतो. आम्ही बोलत नाही. कधी विठ्ठलवाडीच्या रस्त्यावर तो पुढे चालत असतो आणि मी मागून येत असतो. इतक्या गर्दीत, इतक्या टांग्यांच्या आवाजात, मी वीस पावलांवर आलो की त्याला माझी चाल कळते. तो वळून बघत नाही. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालू लागतो.